हाय खाल्लेले काळीज

आपल्या मराठी भाषेत ‘हाय खाणे’ असा एक वाक्प्रचार आहे. घरातला कर्ता मुलगा गेल्याची बातमी आली आणि आईने हाय खाल्ली, शेत लिलावात गेले आणि बापाने हाय खाल्ली, असे आपण सहज बोलून जातो. पानिपतच्या रणावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याची हाय खाऊन नानासाहेब पेशवे त्याच वर्षीच्या जून महिन्यात पुण्यास पर्वतीवर निवर्तले, हे तर मराठी मुलखात लहान मुलासही ठाऊक असते. काळजाचे पाणी होणे, काळजाचा ठोका चुकणे, छाती दडपणे, ऊर फुटणे हे शब्दप्रयोगही याच कुळातले. मनावर झालेला आघात शरीरातील एका विशिष्ट अवयवावर, म्हणजे काळजावर, जाऊन आदळतो, असे आपल्या पूर्वजांनी भाषेत नोंदवून ठेवले आहे.

ही नोंद केवळ अलंकार आहे, की तिच्यात शरीरशास्त्राचे काही सत्य आहे? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रास फार उशिरा सापडले. ते कसे सापडले याचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे. आणि तो सांगण्यासाठी मी एखाद्या राजाच्या शोकापासून किंवा एखाद्या महायुद्धापासून आरंभ करणार नाही. मी आरंभ करणार आहे पायाच्या फुगलेल्या शिरांपासून.

अशी कल्पना करा की साठीच्या घरातील एक बाई पायाच्या शिरांवर उपचार करून घेण्यासाठी दवाखान्यात आली आहे. आयुष्यभर उभ्याने काम केल्यामुळे तिच्या पोटऱ्यांवर निळसर, वेड्यावाकड्या, गाठाळलेल्या शिरा उठल्या आहेत. उपचार लहानसा आहे. शिरेत औषधाची सुई द्यावयाची, पायास पट्टा बांधावयाचा आणि तासाभराने घरी जावयाचे. बाई मनातून घाबरलेली आहे, पण तसे बोलून दाखवीत नाही. सुई दिली जाते. थोड्या वेळाने तिची छाती आवळून येते, दम लागतो, घाम सुटतो. हृदयाचा विद्युत्-आलेख काढला तर तो हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो. तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी पाहतात. परंतु रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. कोठेही अडथळा नाही. मात्र हृदयाचा डावा खालचा कप्पा टोकाकडे फुग्यासारखा फुगला असून त्याचे आकुंचन जवळजवळ थांबले आहे. आणि नवल असे की काही आठवड्यांनी तपासावे, तो हेच हृदय पूर्ववत चालू लागलेले असते.

शिरांच्या उपचारानंतर असे घडल्याच्या हकीकती वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. त्या अत्यंत विरळ आहेत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. पण जी गोष्ट विरळ असते तीच कधीकधी सर्वसामान्य नियमावर प्रकाश टाकते. पायाची शीर आणि हृदय यांची ही गाठ कशी पडली, हे समजण्यासाठी आपल्याला दोन निरनिराळ्या वाटांनी मागे जावे लागेल.

पहिली वाट शिरांची. हा रोग माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हापासूनचा म्हणावयास हरकत नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० या काळातील एबर्स पपायरस नावाच्या इजिप्शियन वैद्यकग्रंथात सर्पाकार फुगलेल्या वाहिन्यांचा उल्लेख असून त्यांवर शस्त्र चालवू नये, अशी ताकीद आहे. आपल्याकडे सुश्रुताने निदानस्थानात ‘सिराज ग्रंथी’ वर्णिली आहे. दुर्बल माणसाने अतिश्रम केले असता वायू शिरांचे जाळे आकुंचित करून गोल, उंच गाठ निर्माण करतो, असे तो सांगतो. काही अभ्यासक तिचा संबंध या रोगाशी जोडतात.

परंतु या रोगाची सर्वांत बोधप्रद कथा रोममधली आहे. सात वेळा कॉन्सलपदी निवडला गेलेला सेनापती गायस मारियस याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. त्या विद्रूप दिसतात म्हणून त्याने शस्त्रवैद्यास बोलावले. त्या काळी रुग्णास बांधून ठेवून शस्त्रक्रिया करीत; मारियसने बांधून घेण्यास नकार दिला आणि हूं की चूं न करता एक पाय कापून घेतला. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने त्यास थांबविले. या सुधारणेसाठी इतक्या वेदनेची किंमत मोजणे परवडत नाही, असा त्याचा हिशेब होता. ही हकीकत प्लूटार्कने नोंदविली आहे. मारियसच्या धैर्याचा दाखला म्हणून ती सांगितली जाते. मला मात्र तिच्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. उपचारालाही एक किंमत असते आणि ती शरीरास मोजावी लागते, हे त्या रांगड्या शिपायाने ओळखले होते.

या शिरा फुगतात का, हे कळण्यास अनेक शतके जावी लागली. पायातील रक्त हृदयाकडे परत जावयाचे तर त्याला उभ्या चढणीवरून जावे लागते. ते मागे घसरू नये म्हणून शिरांच्या आत ठिकठिकाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. त्या निकामी झाल्या म्हणजे रक्त साचते आणि शीर फुगते. इटलीत पादुआ येथील अध्यापक फाब्रिशियस याने १६०३ मध्ये या झडपांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु त्या कशासाठी आहेत हे त्याला उमगले नाही. रक्त पायाकडे एकदम धावू नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले आहेत, असे त्याने मानले. त्याच पादुआत शिकून गेलेला इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वे याने या झडपांवर वर्षानुवर्षे विचार केला आणि त्याला उलट अर्थ सापडला. झडपा रक्तास हृदयाकडे जाऊ देतात आणि हृदयापासून दूर जाऊ देत नाहीत. तेव्हा रक्त शरीरात फिरत असले पाहिजे. १६२८ मध्ये त्याने रक्ताभिसरणाचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. या शोधाची पहिली सूचना शिरांतील झडपांनी दिली, असे त्याने पुढे उतारवयात रॉबर्ट बॉईलला सांगितले होते. म्हणजे हृदयाचे कार्य जगाला कळले तेच मुळी शिरांच्या झडपांच्या वाटेने.

आणि हार्वेच्याच लेखणीतून आपल्या विषयाची दुसरी वाटही फुटते. मनातील सुखदुःख, आशा आणि भय यांमुळे जी खळबळ होते तिचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचतो, असे त्याने १६२८ च्या ग्रंथातच म्हटले आहे. १६४९ मध्ये लिहिलेल्या एका उत्तरपत्रात तर त्याने एका धडधाकट गृहस्थाची हकीकत दिली आहे. या गृहस्थाचा त्याच्याहून प्रबळ असलेल्या कोणा माणसाने अपमान केला. सूड घेणे शक्य नव्हते. संताप त्याने कोणाजवळ बोलून दाखविला नाही. पुढे त्याच्या छातीत विलक्षण दडपण आणि वेदना सुरू झाल्या आणि अखेर तो मरण पावला. शवविच्छेदन केले तेव्हा त्याचे हृदय रक्ताने इतके तट्ट फुगलेले आढळले की त्याचे कप्पे बैलाच्या हृदयाच्या कप्प्यांएवढे झाले होते. गिळून टाकलेल्या अपमानाने हृदय फुगते, हे हार्वेने डोळ्यांनी पाहिले. पण का फुगते हे सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

हे निरीक्षण हार्वेचेच होते असेही नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हृद्रोगाची कारणे एका श्लोकात सांगितली आहेत. त्यात अतिव्यायाम आहे, आघात आहे, उपासाने आलेला अशक्तपणा आहे. त्याचबरोबर चिंता, भय आणि त्रास हीही आहेत. आणि मला विशेष वाटते ते हे की त्याच यादीत तीक्ष्ण विरेचन, अतिरेकी बस्ती आणि रोगाची चुकीची हाताळणी यांनाही स्थान आहे. म्हणजे भीती आणि उपचार या दोन्ही गोष्टी हृदयास इजा करू शकतात, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने एकाच दमात सांगून ठेवले आहे.

तथापि इतिहास लिहिताना एक सावधगिरी बाळगावी लागते. शोकानंतर किंवा संतापानंतर आलेला प्रत्येक मृत्यू एकाच जातीचा नसतो. लंडनचा थोर शस्त्रवैद्य जॉन हंटर याचे उदाहरण घ्या. त्याला छातीत शूळ उठण्याचा विकार होता आणि राग आला म्हणजे तो उसळे. आपला जीव, आपल्याला डिवचू पाहणाऱ्या कोणाही हलकटाच्या हाती आहे, अशा अर्थाचे तो बोलत असे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेत वादंग झाले, हंटर संतापाने उठून शेजारच्या खोलीत गेला आणि तेथेच कोसळून मरण पावला. परंतु शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हाडासारख्या कठीण झालेल्या आढळल्या. त्याचा शिष्य एडवर्ड जेन्नर याला ही शंका पूर्वीच आली होती. गुरूच्या मनास धक्का बसेल म्हणून त्याने ती बोलून दाखविली नव्हती. हंटरचे हृदय आधीच जर्जर होते. संताप हे केवळ शेवटचे निमित्त झाले. नानासाहेबांचेही तसेच. त्यांची प्रकृती पानिपतपूर्वीच ढासळू लागली होती आणि लढाईनंतर ते पाच महिने जगले. त्यांनी हाय खाल्ली हे खरे. पण त्यावरून आज आपण त्यांच्या हृदयाचे निदान करू लागलो, तर तो इतिहासही होणार नाही आणि वैद्यकही होणार नाही.

मग रक्तवाहिन्या धडधाकट असताना केवळ आघाताने हृदय बंद पडू शकते काय? या प्रश्नाकडे जाणारा रस्ता मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथींवरून गेला. या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क प्राण्याच्या शरीरात घातला असता रक्तदाब एकदम चढतो, हे १८९० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखविले. अमेरिकेत स्थायिक झालेले जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये या अर्कातील कार्यकारी द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. तेच अॅड्रिनॅलिन. पुढे हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात भूक, भीती, वेदना आणि संताप यांच्या प्रसंगी हे द्रव्य रक्तात कसे उतरते ते मांडले. समोर वाघ दिसला की माणसाने लढावे किंवा पळावे, यासाठी शरीराची ही सिद्धता असते. हृदय जोराने धावते, रक्त स्नायूंकडे वळते, साखर वाढते. परंतु जिथे लढताही येत नाही आणि पळताही येत नाही, तिथे काय होते? १९४२ मध्ये कॅनन यांनी मांत्रिकाने शाप दिल्यामुळे केवळ भयाने मरण पावलेल्या माणसांच्या हकीकती एकत्र करून एक निबंध लिहिला, आणि असे मृत्यू खरे असू शकतात, त्यांस शारीरिक कारण असू शकते, असे प्रतिपादन केले.

१९८० मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील दोन शवचिकित्सकांनी, सेबेलिन आणि हर्श यांनी, आणखी एक पाऊल पुढे टाकले. मारहाणीनंतर मरण पावलेल्या, परंतु मरण यावे इतकी आंतरिक इजा न झालेल्या पंधरा जणांची हृदये त्यांनी तपासली. त्यांपैकी अकरा जणांच्या हृदयाच्या स्नायूंत विशिष्ट प्रकारची हानी आढळली. असे बदल अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांच्या अतिरेकाने होतात. ही माणसे घावाने मेली नव्हती. दहशतीने मेली होती.

पण ही सर्व साक्ष मृतांची होती. जिवंत माणसाचे हाय खाल्लेले हृदय कोणी पाहिलेच नव्हते. याचे कारण अगदी साधे आहे: पाहण्याचे साधन नव्हते. छातीत कळ आली, आलेख बिघडला, की हृदयविकाराचा झटका असे निदान होई. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालून रंगद्रव्याने त्या पाहण्याची पद्धत मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये प्रचारात आणली खरी; परंतु ऐन झटक्याच्या वेळी असे करणे धोक्याचे मानले जाई. पुढे तुंबलेली वाहिनी तत्काळ मोकळी करण्याचे उपचार आले, आणि झटका आल्यानंतर काही तासांच्या आत आत डोकावून पाहणे हा नित्याचा भाग झाला. तेव्हा कोठे असे रुग्ण दिसू लागले की ज्यांची लक्षणे झटक्याची, आलेख झटक्याचा, पण वाहिन्या मात्र स्वच्छ.

हे प्रथम नीट ओळखले ते जपानमधील हिरोशिमाच्या डॉक्टरांनी. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. आकुंचनाच्या क्षणी घेतलेल्या चित्रात हृदयाचा डावा कप्पा खाली गोल फुगलेला आणि वर मानेशी निमुळता दिसत होता. ते चित्र पाहून त्यांना आपल्या किनाऱ्यावरील कोळ्यांचे एक भांडे आठवले. जपानी कोळी अष्टपाद पकडण्यासाठी अरुंद गळ्याची आणि गोल पोटाची मातीची मडकी दोरीला बांधून समुद्राच्या तळाशी सोडतात. अष्टपाद ती आयती कपार समजून आत शिरतो आणि सापडतो. या मडक्याला ‘ताको-त्सुबो’ म्हणतात. ‘ताको’ म्हणजे अष्टपाद आणि ‘त्सुबो’ म्हणजे मडके. तेच नाव या रोगास मिळाले. ग्रीक आणि लॅटिन नावांनी भरलेल्या वैद्यकाच्या कोशात अशा रीतीने एका कोळ्याचे मडके जाऊन बसले.

काही वर्षे हा जपानी लोकांचाच रोग समजला जात होता. हळूहळू तो समज मावळला. २३ ऑक्टोबर २००४ रोजी जपानच्या निईगाता प्रांतात मोठा भूकंप झाला, तेव्हा त्या भागात अशा रुग्णांची संख्या एकाएकी वाढलेली दिसली. २००५ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी एकोणीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील एक सोडून बाकी सर्व स्त्रिया होत्या. कोणाला आप्ताच्या मृत्यूची बातमी कळली होती, कोणाला न्यायालयात उभे राहावे लागले होते. आणि एकीला तर आप्तेष्टांनी आनंदाचा अनपेक्षित धक्का दिला होता. या रुग्णांच्या रक्तात अॅड्रिनॅलिनच्या वर्गातील द्रव्ये हृदयविकाराचा खरा झटका आलेल्यांच्या दुपटी-तिपटीने आढळली. कॅनन यांनी १९४२ मध्ये ज्या कारणाचा तर्क केला होता, त्याचा माग आता जिवंत रुग्णाच्या रक्तात लागला होता.

पुढे २०१५ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील सव्वीस केंद्रांनी मिळून १७५० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया होत्या आणि सरासरी वय सदुसष्टच्या आसपास होते. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्री-संप्रेरकाचे संरक्षण कमी होते हे याचे एक कारण असावे, असा तर्क आहे. हृदयाच्या टोकाकडील स्नायू अॅड्रिनॅलिनला अधिक संवेदनशील असतात आणि त्याचा पूर आला की ते काही काळ बधिर होतात, असाही एक सिद्धांत आहे. परंतु या नोंदीतील सर्वांत अनपेक्षित गोष्ट निराळीच होती. मनाच्या आघातानंतर आजारी पडलेले रुग्ण शंभरांत अठ्ठावीस होते. तर शारीरिक आघातानंतरचे, म्हणजे शस्त्रक्रिया, इजा, श्वासाचा विकार, तीव्र आजार यांनंतरचे, छत्तीस होते. हाय केवळ मनच खात नाही, शरीरही खाते. आणि दोहोंचा निरोप हृदयापर्यंत त्याच मज्जातंतूंनी आणि त्याच द्रव्यांनी जातो.

आता आपण आपल्या पहिल्या बाईकडे परत येऊ शकतो. तिच्या शिरेत जी सुई गेली तिलाही मोठा इतिहास आहे. १८५३ मध्ये फ्रान्समध्ये प्रवाझ यांनी आणि स्कॉटलंडमध्ये वुड यांनी पिचकारी प्रचारात आणली, आणि शिरेत दाहक द्रव्य घालून ती बंद करण्याचे प्रयोग सुरू झाले. आरंभीची द्रव्ये भयंकर होती. लोहाचे क्षार, पुढे पाऱ्याचेही क्षार वापरले गेले. दुसरीकडे जर्मन शस्त्रवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९० च्या सुमारास मांडीतील मुख्य शीर बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संपूर्ण शीर ओढून काढण्याची साधने निघाली. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये सिकार यांनी सौम्यतर क्षार आणले. १९४६ मध्ये टेट्राडेसिल सल्फेट आले. नंतर पोलिडोकॅनॉल आले, जे मुळात जागा बधिर करण्यासाठी शोधलेले औषध होते. शतक संपता संपता औषधाचा फेस करून शिरेत सोडण्याची युक्ती आणि शीर आतून तापवून मिटवण्याचे उपाय प्रचारात आले. मारियसच्या सुरीपासून या बारीक सुईपर्यंत दोन हजार वर्षांत उपचार लहान लहान होत गेला. रुग्णाची भीती मात्र त्याच प्रमाणात लहान झाली, असे म्हणता येत नाही.

तिच्या हृदयास धक्का कशाने दिला? संशयित एकापेक्षा अधिक आहेत. भय आणि वेदना हा पहिला. शिरेतले औषध रक्ताबरोबर अखेर हृदयातूनच जाते, तेव्हा ते औषध हा दुसरा. पोलिडोकॅनॉलचा हृदयाच्या गतीवर परिणाम होऊ शकतो, हे ज्ञात आहे. शीर तापवण्याच्या पद्धतीत जागा बधिर करणाऱ्या द्रावणात अॅड्रिनॅलिन मिसळलेले असते, हा तिसरा. आणि औषधाची तीव्र वावडी उठली तर ती शमविण्यासाठीही अॅड्रिनॅलिनच द्यावे लागते. शिवाय कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास गाठ पडली, असेही कधी घडत असेल. एका रुग्णाच्या बाबतीत यांतला अपराधी कोण हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण इतके मात्र खरे की यांतील बऱ्याच वाटा शेवटी एकाच उंबरठ्याशी येतात, आणि तो उंबरठा अॅड्रिनॅलिनचा आहे.

मग या इतिहासातून आपण काय घ्यावयाचे? शिरांवरील उपचारास भिऊ नये, हे तर उघडच आहे. असंख्य माणसे तो घेऊन सुखरूप घरी जातात. घ्यावयाचे ते निराळे आहे. लहानशा उपचारानंतर बाईची छाती दडपली की आसपासचे लोक, आणि कधी कधी वैद्यही, सहज म्हणून जातात: “काही नाही हो, घाबरली आहे. पाणी द्या, पडू द्या.” हे वाक्य दिलासा देणारे वाटते, पण त्यात एक जुनी चूक दडलेली आहे. ‘घाबरली आहे’ याचा अर्थ ‘काही झालेले नाही’ असा आपण धरतो. १९९० नंतर तो अर्थ धरण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही. घाबरणे हेच काही झाल्याचे कारण असू शकते. २०१५ च्या त्या नोंदीत शंभरांपैकी सुमारे चार रुग्ण रुग्णालयातच दगावले होते. बाकीच्यांपैकी बहुतेकांची हृदये पूर्ववत झाली; पण ती वेळेवर ओळखली गेली आणि जपली गेली म्हणून. बाहेरून पाहून हा विकार आणि हृदयविकाराचा खरा झटका यांत भेद करता येत नाही. म्हणून छाती दडपली तर आलेख काढला पाहिजे, रुग्णालय गाठले पाहिजे. मग ती बाई कितीही भित्री म्हणून प्रसिद्ध असो.

आणि याची दुसरी बाजूही आहे. भय हे जर शरीरातील एक द्रव्य होऊन हृदयावर चाल करून जात असेल, तर धीर देणे ही केवळ सौजन्याची बाब राहत नाही. सुई टोचण्यापूर्वी काय करणार आहोत ते सांगणे, दुखेल तर किती दुखेल हे खरे सांगणे, हातावर हात ठेवणे, ‘थांबा’ म्हटल्यास थांबणे, या गोष्टी उपचाराच्या बाहेरच्या नाहीत. मारियसने दुसऱ्या पायाच्या वेळी थांबा म्हटले आणि वैद्य थांबला. तो सेनापती होता. दवाखान्याच्या बाकावर पदर सावरीत बसलेल्या साठीच्या बाईला ‘थांबा’ म्हणता येत नाही. तिचा मूक संताप किंवा मूक भय हार्वेच्या त्या गृहस्थासारखे आतल्या आत साठत जाते.

आपल्या आजीने ‘हाय खाल्ली’ म्हटले, तेव्हा ती कविता करीत नव्हती. तिने पाहिलेले ती सांगत होती. तिच्यापाशी हृदयात डोकावण्याचे यंत्र नव्हते, म्हणून आपण तिचे बोलणे म्हणींच्या पुस्तकात ठेवून दिले. हिरोशिमाच्या डॉक्टरांनी ते यंत्र लावून पाहिले आणि त्यांना आत एक मडके दिसले. आता निदान एवढे करावे की कोणी म्हणाले, ‘मला भीती वाटते,’ तर ती तक्रार म्हणून न ऐकता, नाडी पाहावी तितक्या गंभीरपणे ऐकावी.